आमच्या सोप्यातली हगवण

दोघांची हगवण एकाच रंगाची होती. पिवळी, पाण्यासारखी, त्यात रक्ताचे धागे आणि शेंबडासारखे पांढरट तुकडे. माझ्या डाव्या हाताला पोत्यावर म्हशीचं रेडकू आडवं पडलं होतं आणि उजव्या हाताला आईच्या मांडीवर माझी धाकटी बहीण तानी, आठ महिन्यांची. मी मधे बसले होते, एका हातात चिंध्या, दुसऱ्या हाताशी राखेचं घमेलं. रेडकाची शेपटी घाणीनं चिकटून काठीसारखी कडक झाली होती आणि मागच्या पायांवरचे केस गळून खालची कातडी लाल दिसत होती. तानीचंही तसंच, फक्त केस नव्हते. वास दोघांचा एकच. तो शेणाचा वास नव्हे. शेणात मी वाढले, त्याचं मला काही वाटत नाही. हा नासक्या रक्ताचा आणि आंबलेल्या दुधाचा वास, नाकात शिरला की घशापर्यंत उतरायचा आणि भाकरीच्या घासाला लागायचा. तानी रडत होती तोवर आईला धीर होता. त्या सकाळी ती रडायची थांबली. तोंड उघडायची, पण आवाज नाही. तिची टाळू इतकी खोल गेली होती की माझं बोट तिच्यात बसलं असतं.

"हौसा, हिच्या डोळ्याला पाणी न्हाय गं," आई म्हणाली. "तोंड वाकडं करती, पण पाणीच न्हाय."

आत्ती रेडकाच्या डोक्याशी बसली होती. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. "दाताची हगवण हाय ती. समद्या पोरास्नी हुती. आदी हिकडं बघा, ह्यानं मान टाकली."

आत्ती म्हणजे गंगव्वा, माझ्या वडिलांची, आबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, ती माघारी आली आणि घर तिनं ताब्यात घेतलं. आबांचा शब्द शेतात चालायचा, उंबऱ्याच्या आत आत्तीचा. तिचा आवाज मोठा, हात जड, आणि म्हशीवर तिचा जेवढा जीव तेवढा माणसांवर नव्हता. निदान तसं मला वाटायचं. मी चौथी पास झाले तेव्हा पाचवीची शाळा नदीपलीकडच्या गावात होती, म्हणून आत्तीनं ठरवलं की एवढं शिक्षण पुरे आणि शेणाची पाटी माझ्या डोक्यावर दिली. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. शाळेतही मारच खात होते.

आमच्याकडं घराच्या पुढच्या लांब खोलीला सोपा म्हणतात. सोप्याच्या एका अंगाला म्हैस, तिच्याजवळ रेडकू, दुसऱ्या अंगाला आमची अंथरुणं आणि मधे गुडघाभर उंचीचा मातीचा कट्टा. तानी रांगत रांगत त्या कट्ट्यापर्यंत यायची आणि त्यावर तळवे आपटायची. म्हशीच्या मुताची धार पडली की पलीकडं आमच्या वाकळेवर शिंतोडे यायचे. चूल आतल्या खोलीत, पण माश्यांना आत आणि बाहेर एकच. आंबाडीची भाजी, खर्डा, जोंधळ्याची भाकरी, सगळ्यावर माश्या. एका हातानं जेवायचं आणि दुसऱ्यानं माश्या वारायच्या. आज माझी सून सांगते, आई, तुम्ही जुनं खाल्लं म्हणून तुमची हाडं घट्ट. हाडं घट्ट आहेत, खरं आहे. पण आम्ही काय काय खाल्लं ते तिला ठाऊक नाही.

त्या रेडकाला काय झालं होतं हे सांगायचं तर ते जन्मलं त्या दिवसापासून सांगायला हवं. आमच्या घरात, आमच्याच काय सगळ्या आळीत, एक रीत होती. म्हैस व्याली की तिची वार, गर्भाबरोबरची पिशवी, पडेपर्यंत रेडकाला तिच्या सडाला लावायचं नाही. आधी चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, पाजला तर वार आत अडकते आणि म्हैस जाते, असं सगळे मानायचे. वार पडली की पहिल्या धारा काढायच्या, त्यातला गडवाभर चीक वाडीच्या दत्ताच्या नावानं बाजूला ठेवायचा आणि उरलेल्याचा गूळ-वेलदोडा घालून खरवस करायचा. तो वाट्यावाट्यांनी घरोघर जायचा. ज्या घराला खरवस पोचला नाही ते घर वर्षभर टोमणे मारायचं. रेडकाला म्हैस पान्हवण्यापुरतं दोन घोट लावायचं आणि कान धरून मागं ओढायचं. ज्याच्यासाठी तो चीक आला ते सोडून सगळी आळी तो खायची. आजकाल कोल्हापुरात खरवस खोक्यात भरून विकतात, वर केशर टाकतात. नातवंडं आणतात, मला एक तुकडा देतात. मी तो तोंडात घालत नाही.

शेजारी भिंतीला भिंत लागून पद्माव्वाचं घर होतं. जैनाची बाई, त्यांचीही शेती आणि तीन म्हशी. तिचं रेडकू उभं राहिलं की ती आधी त्याला सडाला लावायची, मग बाकी सगळं. तिची रेडकं जगायची, आमची मरायची. हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याचा अर्थ कुणी लावत नव्हतं. त्या दिवशी आमची म्हैस पहाटे व्याली. रेडकू मादी होतं, काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. उन्हं वर आली तरी वार पडेना. पद्माव्वा कट्ट्याशी उभी राहून बघत होती.

"आगं गंगव्वा, ज्येचं दूध त्येला आदी. पिऊ दे की त्येला. पाप लागतंय बघ."

"तुजं पाप तुज्या घरात ठेव," आत्ती म्हणाली. "वार अडाकली तर म्हस तू देनार हाईस व्हय?"

"माज्या कवा अडाकल्यात?"

"तुज्या म्हशीबी तुज्यागत. सोवळ्यातल्या."

पद्माव्वा हसली आणि गेली. वार दुपार कलल्यावर पडली. तोवर ते पोर उपाशी उभं. आणि उपाशी पोर काय करतं? जे तोंडाला लागेल ते चाटतं. भिंत चाटली, गव्हाण चाटली, म्हशीचे घाणीनं माखलेले पाय चाटले. मग तिथं कोपऱ्यात जे ठेवलं होतं ते चाटलं. ते काय होतं हे आता लिहितानाही माझं तोंड वाईट होतं.

आमच्या म्हशीची आधीची दोन्ही रेडकं हगवणीनं मेली होती. पहिलं तिसऱ्या दिवशी, पांढरं पाणी होऊन. दुसरं पंधरा दिवसांनी, रक्त पडून. रेडकू मेलं की म्हैस पान्हवत नाही, सड दाबून दाबून हात दुखले तरी दूध वर चोरते. म्हणून आत्तीनं त्या दुसऱ्या रेडकाची कातडी काढून घेतली, आत काड भरलं, पोट शिवलं आणि चार काठ्यांचे पाय लावून ते खोटं रेडकू म्हशीसमोर उभं केलं. वर मिठाचं पाणी चोळलं, म्हणजे म्हैस चाटेल. म्हैस चाटायची आणि पान्हवायची. वेत संपलं तरी आत्तीनं ते टाकलं नाही. कातडी आक्रसून ओठ मागं गेले होते, दात दिसायचे, डोळ्यांच्या जागी भोकं, आणि शेपटीखाली वाळलेली हगवण तशीच चिकटलेली. मी एकदा म्हटलं, आत्ती, टाक की हे. ती म्हणाली, "ह्योबी गेला तर लागंल की." म्हणजे येणारं रेडकू अजून पोटात होतं आणि त्याच्या मरणाची तयारी कोपऱ्यात उभी होती. नवं रेडकू उपाशीपोटी त्या मेलेल्या भावंडाला खारट लागतं म्हणून अर्धा दिवस चाटत बसलं. मी बघत होते. मला किळस आली, पण त्यात धोका आहे हे मला कुठून कळणार.

सहाव्या दिवशी रेडकाला हगवण लागली. आत्तीनं कुड्याची साल उगाळून घातली, डाळिंबाचं सालपट घातलं, ताक घातलं. हगवण वाढली. पुसायचं काम माझं. चिंधीनं पुसायचं, राख टाकायची, घमेल्यात भरायचं, उकिरड्यावर टाकायचं. दिवसात वीस वेळा. हात लुगड्याच्या तुकड्याला पुसायचे. आणि तानीला भरवायचं कामही माझंच, कारण आई शेतात. भाकरी दुधात कुस्करून बोटानं तिच्या तोंडात घालायची. तिला माझं बोट चोखायची सवय होती. आठव्या दिवशी तानीला लागली.

नवव्या दिवशी आबांनी सायकल काढली आणि डॉक्टर आणायला गेले. गुरांचा डॉक्टर, रेडकासाठी. रेडकाला डॉक्टर लागतो हे त्या घरात कुणाच्या तरी डोक्यात आलं, तानीला लागतो हे कुणाच्याच आलं नाही. यात माझी आईही आली, मीही आले.

डॉक्टर साताऱ्याकडचा तरुण माणूस होता, आबांच्या मागोमाग फटफटीवर आला. आत्ती म्हणाली, "या पावणं, च्या घेता न्हवं?" त्यानं सोप्यात नाक न धरता पाऊल टाकलं, एवढ्यावरच माझं त्याच्याबद्दल चांगलं मत झालं. त्यानं रेडकाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. तोंडात बोट घातलं, म्हणाला, तोंड गार पडलंय.

"चीक किती वेळानं पाजला?"

"वार पडल्यावर," आत्ती म्हणाली.

"म्हणजे कधी?"

"पाटंचं याली, दुपार कलल्यावर पडली."

"तोवर हे उपाशी?"

"मेलं न्हाय की त्यानं."

डॉक्टरची नजर कोपऱ्यातल्या त्या काड भरलेल्या कातड्यावर गेली. "हे काय आहे?"

"आदल्या येताचं रेडकू."

"ते कशानं मेलं?"

"हगवणीनं."

तो त्या दात विचकलेल्या तोंडाशी वाकला. मग म्हणाला, "मावशी, ज्या रोगानं ते मेलं तो रोग तुम्ही मीठ लावून घरात जपून ठेवलाय. डोळ्यांना दिसत नाहीत असे जंतू असतात. चिकात त्यांना मारायची ताकद असते, आणि तो चीक तुम्ही गावाला वाटला."

आत्ती म्हणाली, "आमच्या आज्ज्यापास्नं हीच रीत हाय."

"आज्जाच्या वेळची रेडकं किती जगली?"

डॉक्टरनं रेडकाच्या शिरेत सुई घालून बाटली लावली, ती मला धरून उभं राहायला सांगितलं, आणि तेव्हा त्याला कट्ट्यापलीकडची तानी दिसली. तो उठून गेला. तिच्याखालचं फडकं बघितलं. परत रेडकाखालचं पोतं बघितलं.

"हिला कधीपासून?"

"कालपास्नं," आई म्हणाली. "दात येत्यात."

"दात येताना रक्त पडत नाही. मी जनावरांचा डॉक्टर आहे, पोरीला औषध द्यायचा मला अधिकार नाही. पण आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात न्या. उद्या नाही. आत्ता." मग त्यानं विचारलं, "रेडकाला कोण पुसतं?"

"मी," मी म्हटलं.

"आणि बाळाला कोण भरवतं?"

"मी."

त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. नखांत सगळं भरलेलं होतं. सगळ्यांना कळलं, मलाही.

त्यानं साखर-मिठाचं पाणी करायला शिकवलं. पाणी उकळून निवलेलं हवं, वाटेत तानीला चमच्यानं पाजत न्यायचं, रेडकाला बाटलीनं दर तासाला. सोपा खरवडून चुना टाकायचा. साबणानं हात धुवायचे. ते कातडं आजच्या आज जाळायचं. आई, आबा आणि तानी दुपारच्या एसटीनं गेले. घरात साबणाची वडी एकच होती, ती तानीची फडकी धुवायला आई घेऊन गेली.

आत्ती कातडं जाळायला तयार नव्हती. ती रेडकाला बाटली पाजत बसली तेवढ्यात मी ते मागच्या पायाच्या काठ्या धरून ओढत बाहेर नेलं. उकिरड्याजवळ टाकलं, दिव्यातलं रॉकेल ओतलं आणि काडी लावली. कातडं पेटत नव्हतं, उकळत होतं. शिवण उसवून आतलं काड बाहेर आलं, आणि काडात किडे वळवळत होते. असा घाण धूर निघाला की आळीतल्या बाया नाकाला पदर लावून दारात आल्या. आत्ती आली आणि माझ्या कानशिलात अशी मारली की मी राखेत बसले.

"म्हस आटली तर तुला बांदू व्हय तिच्याम्होरं? काड भरून?"

मी म्हटलं, "बांद." आणखी एक बसली.

पण दुपारनंतर तिनं माझ्या हातातली चिंधी काढून घेतली. "तू नगं. तुज्या हातानं झालं ते झालं. मी करती." तिला डॉक्टरचं पटलं होतं असं मला वाटत नाही. पण तिनं सगळा सोपा कुदळीनं खरवडला, घाणीच्या पाट्या स्वतः उचलल्या, चुना टाकला, रेडकाला पुसलं. मला शिवू दिलं नाही. हात मात्र तांब्याभर पाण्यानं धुवायची, आणि त्याच हातानं भाकरी मोडायची. मी राखेनं धू म्हटलं तर म्हणाली, "गप ऱ्हा, चौथी शिकलीस म्हंजे डाक्टर झालीस व्हय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी रेडकानं मान उचलली. बाटली ओढून प्यायलं. आत्ती इतकी खूश झाली की तिनं त्याच्या कपाळावरच्या ठिपक्याला कुंकू लावलं. त्याच दिवशी ती तांब्या घेऊन उसाकडं गेली. आमच्याकडं तेव्हा बाया अंधार असतानाच बाहेर जायच्या, दिवसाउजेडी तांब्या घेऊन जाणं ही लाजेची गोष्ट. ती दुपारपर्यंत पाच वेळा गेली. मी विचारलं, "आत्ती, तुलाबी लागली?"

"गप. बायामान्सानं बोलायची गोष्ट हाय व्हय ही?"

"मग हे पानी पी की. डाक्टरनं सांगितलंय."

"मी काय रेडकू हाय?"

सोप्यात बसून रेडकाच्या हगवणीचा रंग, वास, दाटपणा यावर सगळी आळी मोठ्यानं बोलत होती. तानीचंही बोलत होते. मोठ्या बाईला तेच झालं की ते तोंडातून काढायचं नाही. मला या लाजेचा आजही संताप येतो. किळस हगवणीची यायला हवी होती. आम्हाला ती सांगण्याची येत होती.

संध्याकाळच्या आत डॉक्टर पुन्हा आला, रेडकाला दुसरं इंजेक्शन द्यायला. आत्ती कट्ट्याला टेकून बसली होती, पदर डोक्यावरून ओढून. तिचा चेहरा मला दिसत होता, त्याला नाही. त्यानं रेडकू बघितलं, बरं म्हणाला, आणि मग मलाच विचारलं, "घरात आणखी कुणाला त्रास आहे का? तुला? मावशींना?"

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. डोळे वटारले नाहीत. फक्त बघितलं. आणि मी म्हटलं, "न्हाय."

अकरा वर्षांची होते, हे मी कारण म्हणून सांगत नाही. तानीचं बघितलेलं होतं, मला सगळं कळत होतं. माणूस समोर उभा होता, त्याच्याकडं फटफटी होती, एक शब्द पुरला असता. मी तिच्या माराला भ्याले नाही. मी तिची लाज राखली. त्या वेळी ते मला चांगलं वागणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्माव्वा रेडकू बघायला आली तेव्हा आत्ती कट्ट्यापाशी पडलेली होती, लुगडं घाणीत भिजलेलं, आणि मी तेच साखर-मिठाचं पाणी तिच्या दातांवर ओतत होते. ते आत जात नव्हतं. पद्माव्वानं नाकाला पदर लावला नाही. तिनं आत्तीचं लुगडं सोडलं, आपल्या हातानं तिला धुतलं, स्वतःचं लुगडं नेसवलं आणि आपल्या घरच्यांना गाडी जुंपायला सांगितली. "गंगव्वा, आगं बोल की," असं ती सारखं म्हणत होती. गाडी एसटीच्या फाट्यावर पोचायच्या आधी आत्ती गेली.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या दूध संस्थेत डॉक्टरांनी एक छापील कागद वाटला, वासरांच्या हगवणीवर. त्यात जंतूंची नावं होती. पहिल्या चार-पाच दिवसांत पांढरी पाण्यासारखी हगवण लागते ती ई. कोलायची. रक्त आणि शेंबूड पडतो ती साल्मोनेलाची असू शकते, आणि ती माणसालाही होते. उपाय म्हणून पहिली ओळ होती, जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा, वार पडायची वाट बघू नका. मी तो कागद दोनदा वाचला. माझ्या शेजारी बसलेला शिकलेला माणूस त्याची पुडी करून शेंगदाणे खात होता, आणि त्याच्या घरी आजही वार पडल्याशिवाय चीक पाजत नाहीत. मी त्याला तिथंच चार माणसांत काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

आई कोल्हापूरला गेल्यापासून बाराव्या दिवशी तानीला घेऊन परत आली. पोर वाळून काटकी झाली होती, पण रडत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आज ती इचलकरंजीला असते, तिला तीन मुलं आहेत. रेडकू वाढलं, त्याची म्हैस झाली, तिनं पाच वेतं दिली. आत्ती बावन्न वर्षांची होती. ती वाचली नाही.